फंडाचीं दोन खातीं

चिंचवडचें नांव पूर्वीं निघे तें मोरया गोसावींच्या समाधीमुळें. पवनेच्या कांठचें हें गांव भोंग्यांच्या वेळापत्रकावर चालूं लागलें तें गेल्या सत्तर वर्षांत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेंकडों लहानमोठे कारखाने भोसरी, आकुर्डी, चिंचवड ह्या टापूंत आले. आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून हा व्याप इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर पसरला.

ह्या कारखान्यांनीं मध्यम स्थितींतल्या घरांना दरमहाचा पगार तर दिलाच. परंतु पगाराहूनहि अधिक आधाराची अशी जी गोष्ट दिली ती भविष्यनिर्वाह निधि, घरोघर ज्याला नुसतें 'फंड' म्हणतात तो. प्राधिकरणांतील घराचा पहिला हप्ता, मुलीचें लग्न, मुलाचें अभियांत्रिकीचें शिक्षण आणि शेवटीं म्हातारपण, हें सारें ह्या एका शब्दावर विसंबून असे. आणि ह्या फंडाची थोरवी अशी कीं, त्याविषयीं घरांत कोणास विचार करावा लागत नसे. पगारांतून तो परस्पर कापला जाई, परस्पर वाढे आणि निवृत्तीच्या वेळीं एका धनादेशाच्या रूपानें घरीं येई. आयकराच्या विवरणपत्रांत त्याविषयीं डोकें शिणविण्याचें कारण पडत नसे.

ते दिवस आतां राहिले नाहींत, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या अद्याप ध्यानीं आलेली नाहीं. आमचा जन्म व्याकरण व भूमिति शिकविण्यांत गेला. परंतु निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी व शेजारीपाजारी आपापले कागद घेऊन आमच्याकडे येतात, आणि गेल्या चारपांच वर्षांत त्या कागदांत फंडाचे कागद वाढत चालले आहेत. त्या सर्वांच्या तोंडीं प्रश्न बहुधा एकच असतो. "गुरुजी, पैसा आमच्या घामाचा, त्यावरचा कर आधींच भरलेला, मग तो पुन्हा कागदावर कशाला दाखवावयाचा?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र एका वाक्यांत देण्याजोगें राहिलेलें नाहीं, म्हणून हा लेख.

कोणत्याहि निवृत्तिनिधीला कर तीन ठिकाणीं गांठूं शकतो: पैसा आंत जातांना, आंत वाढत असतांना आणि बाहेर येतांना. १९५२ च्या कायद्यानें आपल्याकडे हा निधि सक्तीचा झाला. कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याचे शेंकडा १२ त्याच्याकडून व तितकेच मालकाकडून अशी सर्वसामान्य रीत पडली. मालकाच्या वांट्यांतील कांहीं भाग निवृत्तिवेतन योजनेकडे वळतो, तो प्रपंच येथें नको. करापुरतें पाहिलें तर पुष्कळ वर्षें तिन्ही दारें मोकळीं होतीं. जातांना ८० सी कलमाची सूट, वाढतांना व्याज करमुक्त, आणि पांच वर्षें सलग नोकरी झाली असल्यास बाहेर येतांनाहि कर नाहीं. ह्या तिहेरी मोकळिकीमुळेंच फंडाचा विचार न करण्याची संवय घरोघर लागली.

पहिलें दार हळूहळू लोटलें गेलें. २०२० च्या वित्त कायद्यानें आयकराची नवी पद्धति आणली. तिच्यांत कराचे दर हलके, परंतु ८० सी ची सूट नाहीं. २०२३-२४ ह्या वर्षापासून, जुनी पद्धति स्वतः मागून न घेणाऱ्या प्रत्येकाला हीच नवी पद्धति लागूं झाली. ह्याचा अर्थ वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावा. नव्या पद्धतींतील कामगाराचा फंडांत जाणारा स्वतःचा वांटा हा आतां करपात्र पगारांतून जातो, म्हणजे तो कर भरून झालेला पैसा आहे. मालकाचा वांटा मात्र ठरलेल्या मर्यादेंत अजूनहि कर न लागतांच आंत जातो. एकाच फंडांत, एकाच दिवशीं, कर भरलेले व कर न भरलेले असे दोन जातींचे रुपये शेजारीं शेजारीं बसतात.

दुसरें दार २०२१ सालीं अर्धें लागलें. त्या वर्षींच्या १ फेब्रुवारीस अर्थमंत्री निर्मला सीतारामन ह्यांनीं अंदाजपत्रक मांडतांना सांगितलें कीं, कामगारानें स्वतः एका वर्षांत अडीच लाख रुपयांहून अधिक रक्कम निधींत घातली, तर वरच्या रकमेवरील व्याज करमुक्त रहाणार नाहीं. मालकाचा वांटा ज्यांत नसतो अशा निधीस, उदाहरणार्थ सरकारी नोकरांच्या सामान्य भविष्यनिर्वाह निधीस, ही मर्यादा पुढें पांच लाखांची केली गेली. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागूं झाला, आणि त्याच वर्षीं ३१ ऑगस्टला आयकर नियमावलींत '९ डी' हा नियम घालून प्रत्येक सभासदाच्या फंडाचीं दोन खातीं करण्यास सांगण्यांत आलें. पहिलें करमुक्त अंशदानाचें: त्यांत ३१ मार्च २०२१ पर्यंतची सारी शिल्लक, त्यानंतरचें दरवर्षींचें अडीच लाखांपर्यंतचें अंशदान, आणि त्या सर्वांवरील व्याज. दुसरें करपात्र अंशदानाचें: त्यांत मर्यादेवरची रक्कम आणि तिच्यावरील व्याज.

ज्याचें मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा १,७३,६११ रुपयांच्या आंत आहे त्याच्या सक्तीच्या १२ टक्क्यांनीं ही मर्यादा ओलांडली जात नाहीं. तेव्हां साध्या कामगाराला ह्याची झळ नाहीं. पण आपल्या घरांतील मुलांना एक संवय आहे, आणि ती चांगलीच संवय आहे: बँकेच्या ठेवीपेक्षां फंडाचें व्याज बरें, म्हणून ते पगारांतून स्वेच्छेनें अधिक रक्कम फंडांत कापून घेतात. कायदा मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत अशी मुभा देतो. अडचण येथें उत्पन्न होते.

चाकणच्या एखाद्या मोटारकारखान्यांतील अभियंता घ्या. मूळ वेतन दरमहा एक लाख. सक्तीचे १२,००० व स्वेच्छेचे १८,००० मिळून दरमहा ३०,००० रुपये तो फंडांत घालतो. वर्षाचे झाले ३,६०,०००. पहिल्या आठ महिन्यांत २,४०,००० झाले. नवव्या महिन्याच्या हप्त्यांतले १०,००० मर्यादेच्या आंत, उरलेले २०,००० दुसऱ्या खात्यांत; मग पुढच्या तीन महिन्यांचे पुरे ९०,००० दुसऱ्या खात्यांत. वर्षअखेर करपात्र खात्यांत १,१०,००० रुपये. व्याज महिन्याच्या शिलकेवर मोजलें जातें, आणि ह्या रकमा वर्षाच्या शेपटाला आलेल्या. म्हणून २०२४-२५ च्या ८.२५ टक्के दरानें पहिल्या वर्षींचें व्याज अवघें १,०३१ रुपये होतें. गृहस्थ म्हणतो, एवढ्याशा व्याजाचें काय घेऊन बसलांत? पण दर व हप्ता तोच धरला तर दुसऱ्या वर्षीं तें १०,१९१ होतें, तिसऱ्या वर्षीं २०,१०७. आणि चौथ्या वर्षीं त्यानें स्वेच्छेचें अंशदान पुरतें थांबविलें तरी करपात्र खातें मिटत नाहीं. आंत सांचलेल्या रकमेवर दरवर्षीं व्याज येत रहाणार आणि त्यावर दरवर्षीं कर पडत रहाणार, तो फंड बंद होईपर्यंत. हें पुष्कळांना ठाऊक नसतें. एकदां त्या खात्यांत गेलेला रुपया करमुक्त खात्यांत परत येण्याची वाट कायद्यानें ठेवलेली नाहीं.

ज्यांस हा व्याप नको असेल त्यांनीं एक आंकडा पगारविभागास सांगून ठेवावा: सक्तीचें व स्वेच्छेचें मिळून दरमहा २०,८३३ रुपये. त्याच्या आंत राहिलें कीं दुसरें खातें उघडत नाहीं. आमच्या मतें नियमाचा हेतु गैर नाहीं. करमुक्त निधींत कोट्यवधि रुपये घालून बसणाऱ्या कांहीं थोड्यांसाठीं तो आला. परंतु ही अडीच लाखांची मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढण्याची तजवीज कायद्यांत नाहीं, आणि पगाराचे आंकडे तर वाढत जाणारच. आज जो नियम मोठ्या साहेबांचा वाटतो तो उद्यां त्यांच्या हाताखालच्या माणसांचा होईल.

संस्कृत अलंकारशास्त्रांत मिश्रणाचे दोन न्याय सांगितले आहेत. तीळ आणि तांदूळ एकत्र झाले तरी डोळ्यांना निराळे दिसतात व निवडतां येतात, हा तिलतंडुलन्याय. दूध आणि पाणी एकत्र झालें कीं निवडतां येत नाहीं, हा नीरक्षीरन्याय. कर भरलेला आणि न भरलेला पैसा एका निधींत पडला म्हणजे कायदा असें धरून चालतो कीं हे तीळतांदूळ आहेत. प्रत्यक्षांत कागद जपले नाहींत तर त्याचें दूधपाणी होतें, आणि हंसाचें काम सभासदाच्या गळ्यांत पडतें.

ही अडचण एकट्या आपल्याच देशाची नव्हे. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत अशा घरांत 'रॉथ' हा शब्द अलीकडे कानांवर येतो. डेलावेअर संस्थानचे सेनेटर विल्यम रॉथ ह्यांच्या नांवावरून तो पडला. १९९७ च्या कायद्यानें तेथें व्यक्तिगत रॉथ खातीं निघालीं, आणि २००६ पासून कंपन्यांच्या '४०१ के' नांवाच्या निवृत्तियोजनांतहि रॉथ भाग ठेवतां येऊं लागला. रॉथची रीत अशी कीं, पैसा आंत जातांना कर पुरा भरावयाचा. मग तो वाढतांना कर नाहीं व नियमाप्रमाणें बाहेर येतांनाहि नाहीं. कांहीं कंपन्यांच्या योजनांत ह्याशिवाय आणखी एक कप्पा असतो, कर भरून झालेल्या साध्या बचतीचा. त्यांतील मुद्दलावर पुन्हा कर नाहीं, परंतु वाढीवर बाहेर काढतांना कर आहे. म्हणून जाणते लोक हा साधा पैसा रॉथ खात्यांत हलवितात. हलवितांना मुद्दलाला कर लागत नाहीं, तोंवर झालेली वाढ तेवढी त्या वर्षाच्या उत्पन्नांत धरली जाते, आणि पुढची सर्व वाढ रॉथच्या नियमांत येते. २०१४ सालीं तेथील करखात्यानें हेंहि स्पष्ट केलें कीं, कंपनीच्या योजनेंतून पैसा बाहेर पडतांना कर न भरलेला भाग एका खात्याकडे व कर भरलेला भाग रॉथकडे, असे दोन ओघ करतां येतात.

आपल्याला ह्यांतून घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. असा पैसा हलविला कीं योजनेचे चालक वर्षअखेर '१०९९-आर' नांवाचा कागद पाठवितात. त्यांत एका चौकोनांत एकूण किती हलविलें, दुसऱ्यांत त्यांतलें करपात्र किती, आणि पांचव्यांत सभासदाचें स्वतःचें, कर भरून झालेलें मुद्दल किती, हें लिहिलेलें असतें. करपात्र रक्कम शून्य असली तरी एकूण रक्कम विवरणपत्रांत दाखवावीच लागते. कर नाहीं म्हणून कथन नाहीं, असें तेथें चालत नाहीं. आणि तीळ किती, तांदूळ किती, हें निवडून देण्याचें काम प्रथम चालकांचें. आपल्याकडे कर पडणाऱ्या खात्यांतून करमुक्त खात्यांत जाण्याची सोय नाहीं हें वर सांगितलेंच. पण निधि एका कारखान्याहून दुसऱ्या कारखान्याकडे हलविण्याची सोय आहे, आणि चाकणच्या तरुणांच्या दृष्टीनें खरा लाभहानीचा प्रश्न तोच आहे.

आमच्या पिढींत एका कारखान्यांत लागलेला माणूस त्याच कारखान्यांतून निवृत्त होई. चाकणला आज तसें नाहीं. दीड-दोन वर्षांत नोकरी बदलणें ही तेथें नित्याची गोष्ट आहे, आणि जुनी नोकरी सुटली कीं फंड काढून मोकळें व्हावें, हा मित्रमंडळींचा सल्ला असतो. कायदा म्हणतो, पांच वर्षें सलग नोकरी झाल्याशिवाय फंड काढला तर तो करमुक्त नाहीं. मात्र आजारपण, धंदा बंद पडणें अशा नोकराच्या हातीं नसलेल्या कारणानें नोकरी सुटली असेल तर ही अट नाहीं. आणि ह्या पांच वर्षांत जुन्या मालकाकडील काळहि धरला जातो, परंतु जुना निधि नव्या मालकाकडील खात्यांत हलविला असेल तरच. एका तरुणानें पहिल्या कारखान्यांत सव्वादोन वर्षें, दुसऱ्यांत एक वर्ष आठ महिने व तिसऱ्यांत दीड वर्ष काढलें असें धरा. निधि दोन्ही वेळां हलविला असेल तर पांच वर्षें पांच महिने झालीं, आणि सारा फंड करमुक्त. पहिल्या वेळीं काढून घेतला असेल तर ती रक्कम तेव्हांच करपात्र झाली, आणि पुढची गणनाहि पुन्हा शून्यापासून सुरू. कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून काढलेलें वर्ष ह्यांत येत नाहीं, कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील मुलांना हा फंडच नसतो. नेमणुकीचें पत्र पाहून दिवस मोजावे.

पांच वर्षांच्या आंत फंड काढावाच लागला तर काय होतें? आमच्या परिचयांतील एका तरुणानें मोशीकडे घर घेण्याकरितां चाळीस महिन्यांचा फंड २०२५-२६ मध्यें काढला. त्याचें वेतन पहिल्यापासून १५,००० च्या वर, म्हणून निवृत्तिवेतन योजनेकडे कांहीं वळलेलें नव्हतें. त्याचे स्वतःचे १,१०,०००, मालकाचे तितकेच, आणि दोहोंवर सुमारें पंधरा-पंधरा हजार व्याज. एकूण अडीच लाख. ५०,००० च्या वरची रक्कम म्हणून शेंकडा १० प्रमाणें २५,००० रुपये कर आधींच कापून सव्वादोन लाख हातीं आले. पॅन क्रमांक जोडलेला नसता तर दुप्पट कापले गेले असते. मुलाची समजूत अशी कीं, कर कापला, प्रकरण संपलें. त्याच्या आईला मात्र हें पटेना. पंचवीस हजार म्हणजे घराच्या एका हप्त्याहून अधिक, ते असे सहजासहजीं कसे सोडावयाचे, असें म्हणून त्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या.

त्या माउलीचें म्हणणें खरें निघालें. मुलाचा वर्षाचा पगार साडेपांच लाखांचा. फंडांतील मालकाचा वांटा व त्यावरील व्याज हें पगार म्हणून धरलें जातें. स्वतःच्या वांट्यावरील व्याज इतर उत्पन्न म्हणून. आणि स्वतःचा वांटा, तो सर्व वर्षें नव्या पद्धतींत असल्यामुळें, कर भरून झालेलें मुद्दल म्हणून करपात्र नव्हेच. हें सारें मिळविलें तरी त्याचें उत्पन्न बारा लाखांच्या पुष्कळ खालीं, आणि नव्या पद्धतींत २०२५-२६ ह्या वर्षीं तितक्या उत्पन्नावर कर शून्य. तेव्हां कापलेले २५,००० परत मिळण्याजोगे होते. परंतु ते विवरणपत्र भरून मागावे लागतात, न मागतां कोणी घरीं आणून देत नाहीं. असे न मागितलेले रुपये ह्या पट्ट्यांत किती घरांचे पडून असतील ह्याची कल्पनाच करावी.

मोठ्या पगाराच्या माणसास येथें दुसरी गोष्ट महत्त्वाची. फंड देणाऱ्या कचेरीच्या कागदावर अडीच लाखांची एकच रक्कम असते. तिची फोड सभासदानें करावयाची. समजा, मूळ वेतन साठ हजार व नोकरी चार वर्षांची. म्हणजे स्वतःचें अंशदान ३,४५,६००. हीं चारहि वर्षें त्यानें ८० सी ची सूट घेतली नसेल तर ही रक्कम करांतून पूर्ण सुटते. चारहि वर्षें सूट घेतली असेल तर ती परत फिरते व रक्कम करांत येते. २० टक्क्यांच्या पायरीवर उपकरासह हा फरक ७१,८८५ रुपयांचा आहे. दोन वर्षें जुनी पद्धति व दोन वर्षें नवी, असा प्रकार असेल तर अर्ध्या रकमेचा. आणि हें सिद्ध करावयाचें कशानें? त्या त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या प्रतीनें व मालकाच्या 'फॉर्म १६' नें. चाकणमधील लहान कंपन्या उघडतात, नांव बदलतात, बंदहि होतात. चार वर्षांनीं जाऊन कागद मागावा तर तेथें निराळीच पाटी लागलेली असते. म्हणून दरवर्षींचा कागद दरवर्षीं घरांत यावा हें बरें.

आतां हलविण्याची रीत. सभासदाला २०१४ पासून एक कायमचा क्रमांक मिळतो, 'यूएएन' म्हणतात तो. नोकऱ्या कितीहि बदलल्या तरी क्रमांक एकच असावयाचा. परंतु नव्या ठिकाणीं जुना क्रमांक सांगितला नाहीं तर दुसरा तयार होतो, आणि एकाच माणसाचे दोन इतिहास निधीच्या दप्तरांत सुरू होतात. नांवाच्या घोळानेंहि असेंच होतें. शाळेच्या दाखल्यावर एक नांव, आधारपत्रावर वडिलांचें नांव गाळलेलें, लग्नानंतर मुलीचें आडनांव बदललेलें. मग अर्ज अडतो. हलविण्याचा अर्ज 'फॉर्म १३'. मोठ्या कारखान्यांपैकी कांहींचे निधि सरकारी कचेरीकडे नसून त्यांच्या स्वतःच्या विश्वस्त मंडळाकडे असतात. तेथून पैसा येतांना त्याबरोबर 'अॅनेक्शर के' नांवाचें पत्रक यावें लागतें. नोकरीचा काळ, दोघांचे वांटे व व्याज हीं सारीं त्यांत असतात. पुढें पांच वर्षें मोजण्याची वेळ आली कीं हेंच पत्रक उपयोगी पडतें. त्याची प्रत मागून घ्यावी.

२०२५ च्या आरंभीं बहुतेक स्थलांतरांस मालकाची संमति लागेनाशी झाली, आणि एप्रिल २०२५ मध्यें फॉर्म १३ ची व्यवस्था सुधारली गेली. पूर्वीं जुन्या कचेरीनें पैसा सोडल्यावर नव्या कचेरीच्या मंजुरीसाठीं थांबावें लागे. तें बंद झालें. आणि आमच्या विषयाला धरून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी कीं, स्थलांतराबरोबर करपात्र व करमुक्त भागांची फोड नव्या खात्याकडे जाऊं लागली. १.२५ कोटींहून अधिक सभासदांना ह्याचा लाभ होईल व दरवर्षीं सुमारें ९०,००० कोटी रुपये ह्या मार्गानें हलतील, असा अंदाज निधि-संघटनेनें दिला होता. पण त्यापूर्वीं ज्यांचा पैसा हलला, म्हणजे १ एप्रिल २०२१ ते एप्रिल २०२५ च्या दरम्यान ज्यांनीं नोकरी बदलली व जे मर्यादेवर अंशदान घालीत होते, त्यांनीं आपलें पासबुक एकदां डोळ्यांखालून घालावें. पासबुकांत वर्षाच्या हिशेबानंतर करपात्र भागाचा निराळा तक्ता असतो. नोकरी बदलल्याच्या वर्षीं दोन्ही मालकांकडील अंशदानाची बेरीज अडीच लाखांशीं पडताळून पहावी.

विवरणपत्रांत लिहावयाचें काय, हें आतां थोडक्यांत. निव्वळ स्थलांतर झालें असेल तर तें उत्पन्न नव्हे. दुसऱ्या खात्यावरील व्याज मात्र, मग तें किती का थोडें असेना, 'इतर उत्पन्न' ह्या सदरांत त्यासाठीं राखलेल्या ओळींत लिहावें. ५,००० रुपयांपर्यंतच्या व्याजावर निधि-संघटना कर कापीत नाहीं, ह्याचा अर्थ तेवढें व्याज करमुक्त असा लोक घेतात. तो चुकीचा आहे. न कापणें निराळें, न लागणें निराळें. वरच्या अभियंत्याचे पहिल्या वर्षींचे १,०३१ रुपयेहि लिहावयाचे आहेत. तिसऱ्या वर्षींच्या २०,१०७ वर शेंकडा १० प्रमाणें २,०११ कापले जातील, पण तो ३० टक्क्यांच्या पायरीवर असेल तर उपकरासह त्याचा कर होतो ६,२७३. उरलेले ४,२६२ त्यानें स्वतः भरावयाचे. शिवाय व्याज खात्यावर पडण्यास कधीं कधीं कित्येक महिने विलंब होतो, व कर कापल्याची नोंद पुढील वर्षाच्या 'फॉर्म २६ एएस' मध्यें उमटते. ह्याकरितां पासबुक, फॉर्म २६ एएस व आयकर खात्याचें वार्षिक माहितीपत्रक हे तिन्ही कागद शेजारीं ठेवून मगच आंकडा लिहावा. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याला १ एप्रिल २०२६ ही आरंभतिथि नेमून दिलेली आहे व त्याबरोबर कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. आम्हीं येथें १९६१ च्या कायद्यांतील परिचित नांवें वापरलीं आहेत.

मालकाकडून फंड, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना व सुपरअॅन्युएशन मिळून वर्षाला साडेसात लाखांवर जाणाऱ्या रकमेवर २०२०-२१ पासून निराळा कर आहे. तो फार मोठ्या पगारांचा विषय. नुसता उल्लेख पुरे.

निवृत्तांनीं मात्र एक गोष्ट ऐकून ठेवावी. स्वेच्छानिवृत्ति घेतलेले आमचे कित्येक स्नेही फंड काढीत नाहींत. व्याज चांगलें आहे, राहूं दे, असें म्हणतात. राहूं देण्यास हरकत नाहीं. परंतु नोकरी सुटल्यानंतरच्या काळाचें व्याज हें नोकराच्या फंडाचें व्याज नव्हे, तें करपात्र आहे, असा निर्णय बंगळूरच्या आयकर अपील न्यायाधिकरणानें २०१७ सालीं दिला. तेथें अडीच लाखांची मर्यादा विचारांतच येत नाहीं; नोकरी सुटली त्या दिवसापर्यंतचें व्याज एकीकडे, त्यानंतरचें सारें दुसरीकडे. नोकरी सुटल्याच्या दिवशींची शिल्लक पासबुकावरून उतरून ठेवली तर पुढचा हिशेब सोपा जातो.

आणि ज्यांचीं मुलें परदेशांतून परत येऊन हिंजवडीस वा चाकणला स्थिर झालीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. अमेरिका, इंग्लंड व कानडा ह्या देशांतील निवृत्तिखात्यांवर आपल्याकडे वाढीच्या वर्षीं कर न लावतां, तिकडे काढतांना ज्या वर्षीं कर लागतो त्याच वर्षीं तो लावावा, अशी सोय ८९ ए कलमानें केली, आणि त्यासाठीं 'फॉर्म १०-ईई' भरून तसा पर्याय निवडावा लागतो. पण ह्या सोयीची व्याख्याच अशी आहे कीं, त्या देशांत पैसा काढतांना कर लागत असला पाहिजे. रॉथ खात्यांतून काढतांना तेथें कर लागत नाहीं. तेव्हां रॉथ ह्या व्याख्येंत बसतें कीं नाहीं ह्याविषयीं जाणत्यांतहि दोन मतें आहेत. इकडे पूर्णार्थानें रहिवासी झालेल्या मुलानें तें खातें विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यांत लिहावें, ह्याविषयीं मात्र दुमत नाहीं; तेथें तें करमुक्त असलें तरीहि. तिकडून निघण्यापूर्वीं प्रत्येक वर्षाचा १०९९-आर उतरवून आणावा. कंपनीचें संकेतस्थळ माजी नोकरास नेहमींच उघडें रहातें असें नाहीं.